शिक्षण कराचा हिशेब

ठाण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या घराचे मालमत्ता कराचे बिल जरा उलगडून पाहा. त्यात शिक्षण कराची एक ओळ असते. ती भरताना आपल्या प्रभागातल्या पालिका शाळेला हातभार लागला, असे वाटते. प्रत्यक्षात 1962 च्या राज्य कायद्यानुसार महापालिका हा कर फक्त वसूल करते. तो जातो राज्याच्या तिजोरीत. पालिका शाळांची तरतूद पालिकेच्या अर्थसंकल्पात निराळी असते. तिचा जाब कोणाला विचारायचा?

पूर्वी शिक्षण मंडळ होते. त्याच्या खरेदीविषयी चांगले बोलणारे फारसे भेटत नसत. कायदा बदलून ती मंडळे मोडीत काढली गेली. पुढे कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून वर्षानुवर्षे सभागृहच नव्हते. अर्थसंकल्प मांडणारे प्रशासक आणि मंजूर करणारेही प्रशासकच!

गणवेशाचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात देण्याचे धोरण आले. ठेकेदार बाजूला झाला, हे बरेच. पण जूनच्या पहिल्या सरीला लागणाऱ्या रेनकोटाचे पैसे दिवाळीत जमा झाले, तर लेखापरीक्षणात हिशेब जुळतो; पोर मात्र कधीच भिजून गेलेले असते.

शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. शाळेचा विकास आराखडा करण्याचे कामही तिचेच. दोन्ही महापालिकांनी शाळानिहाय मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि तारखा या समितीपुढे ठेवाव्यात, शाळेच्या फलकावर लावाव्यात. तेही पुढचा अर्थसंकल्प मांडण्याआधी.