वर्गात मुलाशेजारी कोण बसणार?

जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीत उपोषण केले. शेतकरी कर्जमाफीबरोबरच दिव्यांगांना दरमहा ६,००० रुपये मिळावेत, अशी त्यांची मागणी होती. पुढे सप्टेंबरमध्ये शासनाने दिव्यांगांचे मासिक अर्थसहाय्य १,५०० वरून २,५०० रुपये केले. त्याआधी ३ डिसेंबर २०२२ रोजी राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू झाला. त्यामागेही अमरावती जिल्ह्यातल्या चळवळीचा रेटा होता. म्हणजे वऱ्हाडात दिव्यांगांचा प्रश्न कोणी मांडतच नाही, असे म्हणता येणार नाही. पण या सगळ्यात एक साधा प्रश्न मागे राहिला आहे. जिल्हा परिषद शाळेतल्या ज्या मुलाला पेन धरता येत नाही, एकट्याने लघवीला जाता येत नाही, गोंगाट झाला की जे कानांवर हात ठेवून कोपऱ्यात जाऊन बसते, त्या मुलाशेजारी दिवसभर कोण बसणार?

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याच्या कलम १६ नुसार शासनाच्या निधीवर चालणाऱ्या किंवा शासनमान्य प्रत्येक शिक्षणसंस्थेने अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे आणि गरजेनुसार व्यक्तिगत आधारही द्यायचा आहे. जास्त आधाराची गरज असलेल्या मुलाच्या सोबत्यालाही वाहतुकीची सोय मिळावी, असे याच कलमात लिहिले आहे. म्हणजे मुलासोबत कोणीतरी शाळेत येणार, हे कायद्याने मान्य केले. त्याच्या प्रवासाचा विचार झाला, पण त्याच्या पगाराचा विचार या कलमात नाही.

विशेष शिक्षकांच्या बाबतीत निदान न्यायालयाचा धाक आहे. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पुन्हा बजावले की पदे मंजूर करा आणि भरा. आपल्या राज्याने २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी केंद्रस्तरावर ४,८६० विशेष शिक्षकांच्या पदांना मंजुरी दिली. कंत्राटी विशेष शिक्षकांनी वर्षानुवर्षे लढा दिला, त्याचे हे फळ आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे.

पण हिशेब करा. एका केंद्राला एक शिक्षक आणि एका केंद्रात साधारण दहा किंवा त्याहून जास्त शाळा. रोज एक शाळा गाठली तरी त्याच शाळेत पुन्हा यायला दोन आठवडे जातात. विशेष शिक्षक मुलाला शिकवण्याची पद्धत ठरवून देईल, वर्गशिक्षकाला मार्गदर्शन करेल. मधल्या दिवसांचे काय?

त्या दिवसांत काय घडते, ते आम्ही अमरावती-अकोल्यात पाहतो. कुठे आई मुलाला शाळेत सोडून तिथेच ओट्यावर बसते आणि कापूस वेचणीच्या दिवसांतली मजुरी बुडवते. कुठे चौथीतली बहीण आपला वर्ग सोडून भावाच्या वर्गात बसते, म्हणजे एकाच्या शाळेसाठी दुसरीची शाळा सुटते. कुठे पोषण आहार शिजवणारी ताई हातातले काम टाकून मुलाला मोरीकडे नेते. यातले काहीच जमले नाही की मुलाचे नाव हजेरीपटावर राहते आणि मूल घरी राहते.

हा प्रश्न आपल्या समाजाचा कसा, असे काही तरुण विचारतात. त्यांनी सिकलसेलकडे पाहावे. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये सिकलसेलही आहे, आणि विदर्भात हा आजार आदिवासींइतकाच बौद्ध वस्त्यांच्याही ओळखीचा आहे. केंद्राने जुलै २०२३ मध्ये सुरू केलेल्या सिकलसेल अभियानाचा मुख्य भर आदिवासी भागांवर आहे. मेळघाटसाठी ते हवेच. पण दर्यापूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळीच्या बौद्ध वस्त्यांतली मुले त्यात सुटता कामा नयेत. या मुलाला व्हीलचेअर लागत नाही, म्हणून त्याची गरज डोळ्यांना दिसत नाही. त्याला वारंवार पाणी प्यावे लागते, वारंवार लघवीला जावे लागते. थंडी बाधते, अंगदुखीचा झटका आला की आठवडा-आठवडा शाळा बुडते. शिक्षकाला हे माहीत नसेल, तर मूल आळशी ठरते. कधी पाणी द्यायचे, कधी घरी कळवायचे, बुडालेला अभ्यास कसा भरून काढायचा, हे पाहणारे एक माणूस शाळेत असले तर हेच मूल दहावीपर्यंत जाते.

आता या कामाच्या किमतीबद्दल बोलू. लाळ पुसणे, कपडे बदलणे, संडासला नेणे ही कामे आपल्या समाजरचनेने कायम खालच्या मानलेल्या जातींवर आणि घरातल्या बाईवर टाकली. आज त्यांना ‘सेवा’ म्हटले जाते, आणि सेवा म्हटले की मोबदल्याचा प्रश्न विचारणारा स्वार्थी ठरतो. पोषण आहाराच्या स्वयंपाकी-मदतनीसांचे मानधन २०२३ मध्ये वाढून २,५०० रुपये झाले, तेही महिन्याचे. वर्गातल्या मदतनीसाचे पद निर्माण झाले आणि तेही याच दराने भरले गेले, तर ते आपल्याच वस्तीतल्या बायकांकडे येईल आणि जुनीच उतरंड नव्या नावाने उभी राहील.

इथे विनयपिटकाच्या महावग्गातला प्रसंग आठवावा. बाबासाहेबांनी तो ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही घेतला आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, उचलून निजवले. ही गोष्ट आपण करुणेचे उदाहरण म्हणून सांगतो आणि तिथेच थांबतो. त्यापुढचा भाग महत्त्वाचा आहे. तथागतांनी शुश्रूषेची जबाबदारी नेमून दिली. उपाध्याय, आचार्य, शिष्य, सहाध्यायी, आणि कोणीच नसेल तर संघ. जो ती टाळील त्याला दोष लागेल, असा नियम केला. शुश्रूषा करणाऱ्याच्या अंगी काय गुण हवेत तेही सांगितले. मलमूत्राची किळस नसावी आणि मनात लोभ नसावा, हे त्यातलेच. आणि आजारी भिक्खू मरण पावला तर त्याचे चीवर व पात्र संघाने शुश्रूषा करणाऱ्याला द्यावे, असेही ठरवून दिले. म्हणजे लोभ नको म्हणतानाच काळजी घेणाऱ्याचा वाटाही संघाने मान्य केला. मैत्री आणि मोबदला यांत विरोध नाही, हे आपल्या परंपरेत आहे.

एक सावधगिरी हवी. इंग्लंडच्या शाळांत टीचिंग असिस्टंट हे पगारी पद आहे. तिथे पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोठ्या अभ्यासात दिसले, की ज्या मुलांना मदतनीसाचा आधार सर्वाधिक मिळाला, त्यांची अभ्यासातली प्रगती तुलनेने कमी झाली. दोष मदतनीसांचा नव्हता. मदतनीस आहे म्हणून शिक्षक त्या मुलापासून दूर गेले, आणि शिकवण्याची तयारी नसलेल्या माणसावर शिकवणे येऊन पडले. म्हणून मदतनीस हवा तो शिक्षकाच्या जोडीला. मूल शिक्षकाचेच राहिले पाहिजे.

मग करायचे काय? शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. तिथे आपल्या वस्तीतल्या दिव्यांग मुलाची आई सदस्य झाली पाहिजे. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. तो पैसा कुठे गेला, हे ग्रामसभेत विचारा आणि त्यातून शाळेतल्या मदतनीसाची तरतूद व्हावी, असा ठराव मांडा. राज्याकडे मागणी एकच असावी: मंजूर पद, किमान वेतनापेक्षा कमी नाही असा पगार आणि प्रशिक्षण. भारतीय पुनर्वास परिषदेचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहेत. डी.एड. करून घरी बसलेल्या आपल्या मुलामुलींनी तिकडे पाहावे, आणि त्यात मुलगेही असावेत.

दसऱ्यानंतर अकोल्याच्या धम्म मेळाव्याला गावोगावचे लोक येतात. त्याआधी प्रत्येक विहाराने आपल्या वस्तीतली अशी मुले मोजावीत. किती मुले आहेत, किती पटावर आहेत, किती खरोखर वर्गात बसतात आणि त्यांच्याजवळ कोण असते, एवढे चार रकाने भरले तरी पुरे. तो कागद हातात घेऊन जिल्हा परिषदेत जाऊ.