वादळापूर्वी पाहुण्यांच्या खोल्या सांभाळा



३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. माड-पोफळी मोडल्या, कौले-पत्रे उडाले. नवी पोफळ फळावर यायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर पाहुण्यांच्या खोल्यांचाच आधार. म्हणून मे महिन्यातच पुढील कामे उरका.

१) पत्र्यांचे गंजलेले हूक व नटबोल्ट बदला. वारा आधी पत्र्याची कड उचलतो, मग सारे छप्पर नेतो.

२) छपरावर झुकलेल्या माडांच्या सुक्या झावळ्या व नारळ उतरवून घ्या.

३) इशारा मिळताच पाण्याची टाकी काठोकाठ भरा. रिकामी टाकी उडते. शिवाय वीज गेली की पंप बंद.

४) घर-वाडीचे फोटो आधीच काढून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतील.

५) इशारा असताना पाहुणे ठेवू नका. आगाऊ रक्कम परत करा. पैसे पुन्हा मिळतील. विश्वासाने आलेल्या माणसाचा जीव मिळणार नाही.

आणि वारा एकदम पडला, तरी बाहेर पडण्याची घाई नको. वादळाचा डोळा पुढे सरकला की वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो.