ध्वनीची सफाई आणि संगीताचा प्राण

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या दिवसांत दहावीतील एक विद्यार्थी, स्वतः मोबाइलवर रचलेले इलेक्ट्रॉनिक संगीत मला ऐकवावयास आला. खर्जातील स्वर फाटत होते, तालाचे ठोके घोगरे येत होते. ते अर्ध्यावरच थांबवून मी म्हणालो, "आधी स्वच्छ करून आण, मग ऐकतो." "बरे, सर," एवढेच बोलून तो गेला, तो पुन्हा आला नाही. तेव्हापासून एक प्रश्न मनाला टोचतो आहे : अशा संगीतात ध्वनीच्या सफाईला किती महत्त्व द्यावे?

सफाईला काहीच मोल नाही, असे मी म्हणणार नाही. गवयाचे गाणे ध्वनिमुद्रणापूर्वीही अस्तित्वात असते. तबकडी कितीही खरखरली तरी तिच्यामागचा गळा आपण ओळखतो. इलेक्ट्रॉनिक संगीताचे तसे नाही. तेथे ध्वनी घडविणे हीच रचना होय. वेंडी कार्लोस यांनी १९६८ साली 'स्विच्ड-ऑन बाख' ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली, तेव्हा त्यांच्या मूग सिंथेसायझरवर एका वेळी एकच स्वर निघत असे. बाखच्या रचनांतील एकेक स्वरपंक्ती त्यांनी निरनिराळी वाजविली आणि फितीवर एकत्र जुळविली. ही सफाई म्हणजे वरून चढविलेली झिलई नव्हे. तिच्यावाचून स्वरांची वीण उमगलीच नसती.

परंतु याच्या उलट उदाहरणही आहे. 'एफेक्स ट्विन' या नावाने प्रसिद्ध असलेल्या रिचर्ड जेम्स यांची 'सिलेक्टेड अँबियंट वर्क्स ८५-९२' ही ध्वनिमुद्रिका १९९२ साली निघाली. तीतील संगीत साध्या कॅसेटांवर उतरविलेले होते. ध्वनीवर धुके पसरल्यासारखे वाटते. तथापि या क्षेत्रात तिला आजही मोठा मान आहे. कारण जे सांगावयाचे ते त्या धुक्यातूनही पोहोचते. उलट, १९९० नंतरच्या कित्येक ध्वनिमुद्रिकांत, आवाज मोठा वाटावा म्हणून, हळू आणि मोठ्या स्वरांतील अंतरच जवळजवळ पुसून टाकण्यात आले. खरखर कोठेही नाही, परंतु कानाला विसावाही नाही!

तात्पर्य, सफाई म्हणजे महागडी यंत्रे नव्हेत. प्रत्येक ध्वनी जेथे आणि जसा हवा तसा आहे की नाही, हे कान देऊन पाहणे म्हणजे सफाई. साधनांची उणीव क्षम्य आहे, अवधानाची नाही.

त्या मुलाचा फाटणारा खर्ज किंचित हळू केला असता तर बहुधा सुधारला असता. त्याला पैसा लागत नाही. हे सांगण्यासाठी मी त्याची रचना शेवटपर्यंत ऐकावयास हवी होती. साधने त्याची अपुरी होती. अवधान मात्र माझे अपुरे पडले. हा अंक त्याच्या हाती पडला, तर त्याने ती रचना आहे तशी घेऊन यावी. या वेळी मी ती पुरती ऐकेन, आणि मगच बोलेन.