निचऱ्याचा विसर

धरण बांधले, कालवा काढला, शेतात पाणी खेळू लागले, की विकासाचे काम संपले, अशी आपल्याकडे समजूत आहे. शेतात आलेले जादा पाणी बाहेर कसे पडणार, हा विचार जमीन चिबड झाल्यावर सुरू होतो. नीरा आणि प्रवरा कालव्यांखालच्या शेतकऱ्यांनी या विसराची किंमत क्षारपड जमिनींच्या रूपाने मोजली आहे. मानवी देहाविषयी वैद्यकाची दृष्टीही दीर्घकाळ अशीच होती. हृदय आणि रक्तवाहिन्या हे त्याचे धरण व कालवे. त्यांच्या अभ्यासात पिढ्या खर्ची पडल्या. पेशींच्या फटींत पाझरलेला द्रव गोळा करून पुन्हा रक्तात पोचविणाऱ्या लसीकावाहिन्या मात्र उपेक्षितच राहिल्या. वास्तविक गास्पारे असेल्ली या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आतड्यालगतच्या दुधाळ वाहिन्या १६२२ सालीच पाहिल्या होत्या. तथापि या वाहिन्या वाढतात कशा आणि कोणाच्या आज्ञेने, याचा उलगडा होण्यास विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले.

हेलसिंकी येथील कारी अलितालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा या उलगड्यात मोठा वाटा आहे. व्हीईजीएफ-सी या नावाचे एक प्रथिन लसीकावाहिन्यांच्या अस्तरातील पेशींना वाढीची सूचना देते, हे १९९६-९७ च्या सुमारास स्पष्ट झाले. गर्भावस्थेत या वाहिन्या शिरांपासून फुटून पसरतात. प्रौढपणी त्या बहुधा स्वस्थ असतात आणि जखम भरताना किंवा सूज आली असता पुन्हा वाढू लागतात. ही वाढ निरोगी देहाची गरज आहे. परंतु तीच वाहिनी कर्करोगाच्या पेशींना लसीकाग्रंथीकडे जाण्याची वाटही करून देते. म्हणूनच सुजलेल्या अवयवात औषधाने नव्या वाहिन्या उगवाव्यात, ही कल्पना आकर्षक असली तरी तिच्या वापरात सावधगिरी बाळगावी लागते.

या सर्व संशोधनाचा नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध हत्तीरोगाचा आहे. राज्यातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांच्या यादीत नंदुरबारचा समावेश झालेला आहे. क्युलेक्स डासाच्या चाव्यातून शरीरात शिरलेला कृमी लसीकावाहिनीतच घर करतो आणि तेथे कित्येक वर्षे जगतो. त्याच्या वास्तव्याने वाहिन्या रुंदावतात, नव्याही फुटतात. पण त्यांच्या झडपा निकामी झाल्याने द्रव पुढे सरकत नाही. अर्थशास्त्रात वाढ आणि विकास यांत जो भेद करतात, तो येथे शब्दशः लागू पडतो: वाहिन्या वाढतात, निचरा मात्र होत नाही. पाय सुजतो, त्वचा जाड होते, बोटांच्या बेचक्यांतून जंतू शिरतात आणि थंडी-ताप भरून मजूर अंथरुणाला खिळतो. अशा प्रत्येक हल्ल्यानंतर सूज आणखी वाढते आणि मजुरीचे आणखी काही दिवस बुडतात.

भारतात हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ पासून आहे. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने निर्मूलनासाठी २०१५ हे वर्ष ठरविले. ते हुकले, आणि आता २०२७ हे लक्ष्य आहे. २००४ पासून गावोगाव सामुदायिक औषधवाटप होऊ लागले आणि नागपूर जिल्ह्यात २०१९ साली तीन औषधांचा एकत्रित उपचार सुरू झाला. हे काम मोलाचे आहे. केरळातील मुलांच्या पाहणीत असे दिसले, की वेळीच औषध दिल्यास लसीकावाहिन्यांची आरंभीची, बाहेरून न दिसणारी हानी काही अंशी भरून येते. औषधाच्या गोळ्या गिळण्यास कां-कूं करणाऱ्या सुशिक्षितांनी आणि शाळेत मुलांसमोर उभे राहणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे.

आक्षेप आहे तो मोजमापाविषयी. रक्तातील कृमींचे प्रमाण ठरावीक मर्यादेखाली आले आणि लहान मुलांच्या चाचण्या समाधानकारक ठरल्या, की औषधवाटप थांबते आणि जिल्हा यशस्वींच्या रकान्यात जातो. संक्रमण थांबले, हे त्यातून सिद्ध होते. पण ज्याचा पाय दहा वर्षांपूर्वी सुजला, त्याच्या निकामी झडपा कृमी मेल्याने दुरुस्त होत नाहीत. त्याच्या रक्तात कृमी सापडेलच असे नाही, म्हणून कृमींच्या गणतीत तो नाही. या रोगाने सहसा मृत्यू येत नाही, म्हणून मृत्यूंच्या गणतीतही तो नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमात पीडितांची शुश्रूषा हे संक्रमण थांबविण्याइतकेच महत्त्वाचे अंग मानले आहे. आपल्याकडे मात्र पहिल्या अंगाला मोहिमेचे भाग्य लाभते आणि दुसऱ्याला फार तर एखादे शिबिर.

वस्तुतः या शुश्रूषेचा खर्च थोडका आहे. पाय रोज साबण-पाण्याने धुणे, बेचक्या कोरड्या करणे, भेगांवर मलम लावणे, रात्री पाय उंच ठेवणे आणि योग्य पादत्राण वापरणे एवढ्याने तापाचे हल्ले लक्षणीय प्रमाणात कमी होतात. अंडवृद्धीवर तर शस्त्रक्रियेचा उपाय आहे आणि ती सुसज्ज ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते. मात्र जेथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढ, तेथे रोज पाय धुण्याचा सल्ला देणे सोपे आणि पाळणे कठीण.

त्यात नंदुरबारची आणखी एक अडचण आहे. दिवाळीनंतर येथील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि इतर मजुरीसाठी गुजरातेत जातात. गावाच्या यादीत नाव असलेला रुग्ण तेव्हा दुसऱ्याच राज्यात, फडाशेजारच्या खोपटात असतो. म्हणून सुजलेल्या पायांची नोंद रुग्णाबरोबर फिरेल अशा पत्रिकेवर ठेवावी, साबण, मलम आणि पादत्राण यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी, आणि औषधवाटप थांबले तरी ही तरतूद थांबू नये. मजूर परततात उन्हाळ्यात. शस्त्रक्रियेच्या तारखा त्या बेताने, पावसाळी कामे लागण्यापूर्वीच्या ठेवाव्यात.