दुसरी फेरी

वेंगुर्ल्याच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलला ज्या संताचे नाव आहे, त्या लूकला ख्रिस्ती परंपरा वैद्य मानते. चार शुभवर्तमानांपैकी एक त्याच्या नावावर आहे, आणि 'चांगला शोमरोनी' ही गोष्ट फक्त त्याच्याच शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात सापडते. यरुशलेमहून यरीहोला निघालेल्या एका माणसाला चोर लुटतात, झोडपतात आणि अर्धमेला करून रस्त्यात टाकतात. एक याजक त्याला बघून पलीकडच्या बाजूने निघून जातो. त्याच्या मागून आलेला लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, तोही तेच करतो. मग येतो एक शोमरोनी. यहुदी लोक ज्यांच्याशी रोटीव्यवहारही टाळत, त्यांच्यातला. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो आणि त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उताऱ्याच्या जागी नेतो.

प्रवचनात गोष्ट बहुधा इथवरच रंगते. खरी गंमत पुढच्या दोन ओळींत आहे. दुसऱ्या दिवशी तो शोमरोनी उतारशाळेच्या रखवालदाराच्या हातावर दोन दीनार ठेवतो आणि सांगतो, याची काळजी घे, जास्त खर्च आला तर मी परत येईन तेव्हा फेडीन. म्हणजे गडी जाताना परत येण्याचा वायदा करून जातो.

चर्चच्या मंडळींच्या सेवाकार्याबद्दल बोलताना हा वायदा हमखास विसरला जातो.

वेंगुर्ल्याला सेवाकार्य नवे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन इथे आले. त्याआधी याच मिशनचे काम कोल्हापूर, रत्नागिरी, सांगली, मिरज असे पसरले होते, आणि मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या रुग्णालयाकडे रुग्णांची रीघ लागत होती. वेंगुर्ल्याला डॉ. रॉबर्ट गोहीन आले. त्यांचा मुलगा, तोही रॉबर्टच, 15 ऑगस्ट 1919 रोजी वेंगुर्ल्यात जन्मला. पुढे तो 1957 ते 1972 प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि 1977 ते 1980 अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला. गावाला मुलाचे कौतुक वाटते ते साहजिक आहे. पण या लेखापुरता महत्त्वाचा आहे तो बाप. बंदराच्या त्या गावात, मुंबईला जायचे तर बोट हाच मोठा आधार असताना, तो डॉक्टर वर्षानुवर्षे राहिला. आज आला, शिबिर घेतले, उद्या गेला, असे त्याने केले नाही.

त्या काळची सेवा परदेशी पैशावर आणि परदेशी माणसांवर उभी होती. तो जमाना गेला, आणि गेला ते एका अर्थी बरेच झाले. आता मंडळी इथलीच आहेत. प्रॉटेस्टंट आहेत तसे कॅथलिकही आहेत. पुणे धर्मप्रांतातून 2005 मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, त्याचे मुख्य चर्च सावंतवाडीला आहे. ही माणसे मालवणीत भांडतात, गणपतीला शेजारच्या घरी जातात आणि नाताळात शेजाऱ्याला नेवऱ्या पाठवतात. शेजार आधीच आहे. प्रश्न एवढाच की गरजू शेजाऱ्यासाठी मंडळीने नेमके काय करावे.

त्यासाठी आधी गरज कसली आहे ते पाहायला हवे. 2001 च्या जनगणनेत, वेंगुर्ला ज्या जिल्ह्यात आहे त्या सिंधुदुर्गची लोकसंख्या 8,68,825 होती, 2011 मध्ये ती 8,49,651 भरली. देशभर माणसे वाढत असताना हा जिल्हा घटला. दर हजार पुरुषांमागे 1036 स्त्रिया, हा आकडाही तेच सांगतो: कमावते पुरुष मुंबईला, गोव्याला, बोटीवर, आखातात. घरात उरतात म्हातारी माणसे. पैसा येतो, फोन येतो, गणपतीत आणि मे महिन्यात मुले-नातवंडेही येतात. बाकीचे दिवस पडवीत एक खुर्ची, एक काठी आणि प्लास्टिकच्या पिशवीत औषधांच्या पाकिटांची चळत.

ती पिशवी जवळून बघण्यासारखी असते. रक्तदाबाची गोळी संपलेली, पण मोकळे पाकीट जपून ठेवलेले, कारण दुकानात तेच दाखवायचे. साखरेच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, दोन्ही चालू. एका पाकिटावरची तारीख गेल्या वर्षी उलटलेली. तालुक्याला जायचे तर एसटी सकाळी एक आणि दुपारी एक, मधे पाणंदीतून अर्धा कोस चाल, पावसात तीही चिखलात. अशा घरी कुणी पाच किलो तांदूळ, तेल, डाळ असे किट घेऊन गेले, तर आजी घेते, आशीर्वाद देते. पण येणाऱ्या बाईला तिचे पहिले वाक्य बहुतेक वेळा एकच असते: "माका काय नको गो, वायच बस."

वायच बसण्याला किटमध्ये जागा नसते.

किटच्या विरोधात कुणी बोलू नये. टाळेबंदीत आणि मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाने किनारा झोडपला तेव्हा कौले, ताडपत्री, तांदूळ यांची गरज त्या दिवशीची होती. मात्र वादळानंतरची मदत आणि रोजची मदत यांचे हिशेब वेगळे आहेत. किट देताना फोटो निघतो, तो गटांवर फिरतो, आणि गाडी वळून जाते. देणाऱ्याच्या लेखी काम पुरे झालेले असते. याला पक्ष, मंडळे, देवस्थाने, चर्च कुणीच अपवाद नाही.

चर्चच्या मंडळीकडे मात्र एक गोष्ट अशी आहे की जी सरकारी खात्याकडे नाही आणि दानशूर मुंबईकर मंडळाकडेही नाही. दर रविवारी तीच माणसे त्याच बाकांवर जमतात. एखादा बाक रिकामा दिसला की मागच्या रांगेत कुजबुज होते: आज दिसला नाही, बरा आहे ना? संध्याकाळपर्यंत कुणीतरी जाऊन दार वाजवते. रिकाम्या बाकाची ही दखल आजारपणाची, एकटेपणाची, कधी उपासमारीची पहिली वर्दी असते. तीच नजर चर्चच्या फाटकाबाहेर, वाडीतल्या ज्या घरांचा चर्चशी काही संबंध नाही तिथपर्यंत न्यायची, एवढेच काम आहे. म्हटले तर सोपे. करायला घेतले की चिकाटीचे.

कॅथलिक जगात या कामाची एक जुनी, सिद्ध पद्धत आहे. पॅरिसमध्ये 1832 ला पटकीची साथ येऊन गेली. पुढच्या वर्षी फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या कायद्याच्या विद्यार्थ्याला चर्चासभेत विरोधकांनी खोचकपणे विचारले, तुमचे चर्च आज गरिबांसाठी काय करते? त्यातून काही मित्रांनी सोसायटी ऑफ सेंट व्हिन्सेंट डी पॉल सुरू केली. गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांदू यांनी त्यांना घरे दाखवून दिली. नियम साधा होता: गरिबाला आपल्या दारात बोलवायचे नाही, आपण त्याच्या घरी जायचे, आणि पुन्हा जायचे. मुंबई-वसईच्या पॅरिशमध्ये ही संस्था आजही काम करते. सभासद जोडीने घरी जातात आणि तिथे पाहिलेले-ऐकलेले बाहेर बोलत नाहीत. कोकणात, जिथे कुणाकडे काय शिजले तेही वाडीला ठाऊक असते, हे दुसरे पथ्य सोन्याच्या मोलाचे आहे.

चर्चच्या बाहेरचे उदाहरण हवे तर केरळ लांब नाही. मलप्पुरम आणि कोझिकोडे भागात 1999-2000 च्या सुमारास डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंथरुणाला खिळलेल्या, बरे न होणाऱ्या रुग्णांसाठी शेजाऱ्यांचे जाळे विणायला सुरुवात केली. स्वयंसेवकाकडून मागणी किती, तर थोडे प्रशिक्षण आणि आठवड्याला किमान दोन तास. डॉक्टर आणि नर्स पाठीशी, पण घरात जाणारा माणूस त्याच वस्तीतला. मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती सगळे त्यात आले. हे काम इतके रुजले की 2008 मध्ये केरळ सरकारने उपशामक सेवेचे स्वतंत्र धोरणच आणले.

आता अडचणीचा मुद्दा. चर्चची माणसे हिंदू घरात वारंवार जाऊ लागली की संशय येतो, आणि तो हवेतून येत नाही. जुन्या मिशनांच्या सेवेत धर्मप्रसाराचा हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. दुसऱ्या बाजूला, कुणाच्या तरी आजीला डोळे तपासायला नेणाऱ्या बाईला 'बाटवायला आलीस का' असे विचारण्यात गावाची शोभा नाही. यातून वाट काढायची जबाबदारी मात्र जाणाऱ्यावर जास्त पडते. औषधांच्या पिशवीत पत्रक नको. आजारी माणसापुढे प्रार्थना त्याने मागितली तरच. आणि जोडी शक्यतो मिश्र असावी: एक मंडळीतली, एक वाडीतलीच बचत गटातली किंवा भजनी मंडळातली. मिश्र जोडीमुळे संशय निम्मा होतो, शिवाय काम दुपटीने होते, कारण कुठल्या घरात कोण आजारी आहे हे भजनी मंडळाला चर्चपेक्षा जास्त माहीत असते.

मग करायचे काय? मोठे काही नाही. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये बँकेत अडकले असतील तर आधार जोडणीसाठी सोबत जायचे, वर्षातून एकदा लागणारा हयातीचा दाखला काढून द्यायचा. पाकिटांची ती पिशवी आरोग्य केंद्रात नेऊन एकदा नीट वाचून घ्यायची. गंभीर आजाराला इथली माणसे बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला धावतात. बाहेरच्या राज्यातल्या रुग्णांना तिथे 2018 पासून शुल्क सुरू झाले, तेव्हा या जिल्ह्यात केवढा संताप उसळला होता. कुठली कागदपत्रे नेली तर कुठल्या योजनेत बसते, हे माहीत असलेला एक माणूस सोबत असणे म्हणजे अर्धे उपचार. म्हाताऱ्या जोडप्याला एकट्याने तो प्रवास करायला लावू नये.

रापणीचे जाळे ओढताना किनाऱ्यावर एक रीत आहे. दोराला हात लावणाऱ्याच्या वाट्याला चार मासळ्या येतात, मग तो कुठल्या का घरचा असेना. सेवेच्या दोराला असेच अनेक हात लागायला हवेत. चर्चने फक्त दोर धरून उभे राहावे, आणि पुढच्या आठवड्यातही तिथेच दिसावे.

सुरुवातीला तारीख हवी असेल तर ती कॅलेंडरात तयार आहे. 18 ऑक्टोबर हा संत लूकचा सण. पाऊस ओसरलेला असतो, भातकापणीची गडबड असते, पाणंदी वाळलेल्या असतात आणि वाडीत कुठले घर दिवसभर बंद राहते ते चटकन कळते. पहिली फेरी त्या दिवशी निघाली, तर दुसरी 25 तारखेला पडते.