दामाजीपंतांचं कोठार

मंडळी, दिवाळी जवळ आली की आपल्या कितीतरी मंडळांत फूड बँकेसाठी डबे गोळा होतात. छोले, टोमॅटो, पास्ता, टिकाऊ दूध. उत्तमच. अन्नदान आपल्या रक्तातच आहे. पण इथल्या चर्चमंडळींकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ती डबे तर गोळा करतातच, शिवाय सरकारकडे जाऊन विचारतात की डबे गोळा करायची वेळ का आली?

फेब्रुवारी २०१४ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या २७ बिशपांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकारी भत्त्यांतली कपात आणि दिरंगाई यांमुळे लोक फूड बँकेच्या दारात येताहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच सुमारास कॅथलिक आर्चबिशप निकोल्स यांनीही अशीच टीका केली होती. तिला उत्तर देताना पंतप्रधान कॅमेरून म्हणाले, की भत्त्यांची सुधारणा हेही नैतिक कार्यच आहे. म्हणजे वाद रंगला. रंगू दे की! भुकेवर वाद होणं हे गप्प बसण्यापेक्षा बरं.

एप्रिल २०१७ पासून गरीब कुटुंबांतल्या तिसऱ्या आणि पुढच्या नव्या बाळासाठी मिळणारा भत्ता बंद झाला. २०१८ मध्ये ६० बिशपांनी, मुस्लिम आणि ज्यू प्रतिनिधींसह, त्याविरुद्ध पत्र लिहिलं. २०२२ मध्ये डरहॅमचे बिशप पॉल बटलर यांनी ही मर्यादा उठवण्याचं विधेयकच लॉर्ड्समध्ये मांडलं. शेवटी नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात, एप्रिल २०२६ पासून ती रद्द करण्याचं जाहीर झालं.

शाळेतल्या मोफत जेवणाचंही तसंच. २०१८ पासून इंग्लंडमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या घराची कर वजा जाता कमाई वर्षाला ७,४०० पौंडांच्या वर असली, की मोठ्या वर्गातल्या मुलाला नव्याने मोफत जेवण मिळत नसे. चर्चशी जुनं नातं असलेली चिल्ड्रन्स सोसायटी २०१२ पासूनच या सगळ्या घरांतल्या मुलांना जेवण द्या म्हणून मागे लागली होती. सप्टेंबर २०२६ पासून तसं करण्याचा निर्णय जून २०२५ मध्ये जाहीर झाला. हे एकट्या चर्चचं श्रेय नव्हे. शिक्षक आणि इतर संस्थाही झटल्या. पण धर्माच्या नावाने बोलणारे लोक त्यांत होते, हे महत्त्वाचं.

"धर्माने राजकारणात कशाला पडावं?" असं आपल्यातले काहीजण म्हणतील. त्यांना मी मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची आठवण करून देईन. दुष्काळात पंतांनी स्वतःच्या घरी पंगत घातली एवढ्यावर ती कथा थांबत नाही. त्यांनी बेदरच्या बादशहाचं कोठार उघडलं! सरकारी धान्य भुकेल्यांचं आहे, हे आपल्या संतपरंपरेला ठाऊक होतं. पुढे विठू महाराच्या रूपात विठोबाने त्याची किंमत भरली, म्हणजे देवानेही त्यावर सही केली म्हणायची.

गळक्या छताखाली बादली ठेवावीच लागते. पण कौल बदलायला कुणाला तरी वर चढावं लागतं. अन्नदान ही बादली. खासदाराला लिहिलेलं पत्र म्हणजे कौल. इथला धर्मादाय कायदा मंडळांना आपल्या उद्दिष्टाशी संबंधित धोरणावर बोलू देतो. फक्त कुठल्या पक्षाचा प्रचार करता येत नाही.

आणि हा प्रश्न फक्त 'त्यांचा' नाही. व्हिसावर आलेल्या, सरकारी मदतीचा हक्क नसलेल्या घरांतल्या मुलांनाही इंग्लंडमध्ये २०२२ पासून काही अटींवर कायमचं मोफत जेवण मिळू शकतं. आपल्यातली किती घरं लाजेपायी अर्जच करत नसतील! दान घेताना मान खाली जाते, हक्क घेताना जायचं कारण नाही. तेव्हा यंदा डब्यांच्या खोक्याशेजारी अर्जांचे कागद आणि खासदाराचा पत्ताही ठेवू या. बघा पटतंय का.