हरलो ते आम्हीच!

नोव्हेंबरचा अखेरचा शनिवार जवळ आला की ओहायो राज्यातील कोलंबस शहरात इंग्रजी वर्णमालेतले तेरावे अक्षर निषिद्ध ठरते. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवारात जिथे जिथे पाटीवर ‘एम’ दिसेल तिथे तिथे त्यावर लाल पट्टीची फुली बसते. कारण उघड आहे. त्या अक्षराने मिशिगन सुरू होते आणि आठवडाअखेरीस फुटबॉलचा सामना मिशिगनशी असतो. त्यामुळे मेडिसिन, मॅथेमॅटिक्स आणि म्युझिक हे सगळे विभाग आठवडाभर आद्याक्षराविना चालतात. इथले एके काळचे प्रशिक्षक वुडी हेज १९५१ पासून १९७८ पर्यंत पदावर होते आणि शेजारच्या राज्याचे नाव तोंडी येऊ नये म्हणून ‘ते उत्तरेकडचे राज्य’ एवढेच म्हणत. मोठमोठे संशोधक पोसणाऱ्या संस्थेत हे चालते, याचे कुणाला काही वाटत नाही. आम्हालाही वाटत नाही. वर्षाचे बाकीचे एक्कावन्न आठवडे शहाणपणाला मोकळे असतात.

हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू लंबगोल, त्याला पाय क्वचित लागतो, आणि मोसमात नियमित सामने जेमतेम बारा. मोसम संपला की पुढच्या शरद ऋतूपर्यंत वाट बघायची. खेळणारी मुले विशी-बाविशीची, बघणाऱ्या मात्र तीन पिढ्या. ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांवर माणसे बसतात. त्या गावाची लोकसंख्याच सव्वा लाखाच्या आसपास. कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की कोण कुणाच्या बाजूने ओरडणार हे पेठेने आधीच ठरवून टाकलेले असते, तसेच इथे कॉलेज ठरवते. पुण्या-मुंबईहून एम.एस. करायला गेलेली आपली मुलेही यातून सुटत नाहीत. ऑगस्टमध्ये नियमातले ओ की ठो कळत नसते, ऑक्टोबरात पंचाला शिव्या देण्याइतके कळू लागते, आणि नोव्हेंबरात व्हिडिओ कॉलवर चेहरा असा दिसतो की आईने विचारावे, ‘काय रे, परीक्षेत काही झाले का?’

परीक्षेत झालेले बरे. तिथे निदान पुन्हा बसता येते.

पराभव पचवायचा कसा, यावर विद्वानांनी विचार केला आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्दिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सात विद्यापीठांत दर सोमवारी कोण काय घालून वर्गात येते ते त्यांनी पाहिले. शनिवारी संघ जिंकला असेल तर विद्यापीठाचे नाव मिरवणारे कपडे वाढत. मग फोनवरून विद्यार्थ्यांना सामन्यांबद्दल विचारले, तेव्हा विजयाच्या वर्णनात ‘आम्ही’ जास्त येई आणि पराभवाच्या वर्णनात ‘ते’. क्रिकेटच्या दूरचित्रवाणीसमोर वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवे काहीच नाही. वानखेडेवर ‘आपण’ जिंकतो आणि ब्रिस्बेनला ‘त्यांना’ खेळता येत नाही. पण हरल्यानंतरही ‘आम्ही’ म्हणत राहणारी एक जमात असते आणि आमचा जीव तिच्यावर आहे. ‘आम्ही हरलो’ हे सरळ तोंडाने म्हणवत नाही, म्हणून ही माणसे ते विनोदात घालून म्हणतात.

या जमातीचे काशीक्षेत्र शिकागोजवळचे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ. १९७९ ते १९८२ या काळात त्यांचा संघ सलग ३४ सामने हरला. १९८१ मध्ये मोठ्या विद्यापीठांतला सलग पराभवांचा विक्रम त्यांच्या नावावर झाला, तेव्हा विद्यार्थी मैदानात घुसले आणि आपणच सर्वांत वाईट असल्याच्या घोषणा देत नाचले. त्या परिसरातून ९४ क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग जातो. त्याच्या ‘इंटरस्टेट ९४’ अशा पाटीखाली कुणा पठ्ठ्याने रंगवून ठेवले, ‘नॉर्थवेस्टर्न ०’. रस्त्याकडूनही चौऱ्याण्णव-शून्य असे हरलेल्या संघाला आणखी काय लागणार? पुढे १९८२ च्या सप्टेंबरात एकदाचा विजय मिळाला, तेव्हा पोरांनी गोलपोस्ट उपटले आणि मिशिगन सरोवरात नेऊन टाकले.

न्यूयॉर्कच्या कोलंबियाने हाही विक्रम मागे टाकला. १९८३ ते १९८८ या काळात सलग ४४ पराभव. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात याच कोलंबियात शिकले. त्यातली पहिली दोन वर्षे तिथे फुटबॉलच नव्हता. खेळातल्या हाणामारीला कंटाळून विद्यापीठाने १९०५ च्या मोसमानंतर तो बंद केला होता आणि १९१५ मध्ये पुन्हा सुरू केला. पुढचा इतिहास पाहता तो निर्णय घाईचा झाला, असे म्हणणारे माजी विद्यार्थी असतीलच.

पण सगळेच दीर्घ पराभव हसण्याजोगे नसतात. टेक्सासचे प्रेअरी व्ह्यू हे ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठ १९८९ ते १९९८ या काळात सलग ८० सामने हरले. खेळाडूंना द्यायला शिष्यवृत्त्या नाहीत, पैसा नाही, अशा स्थितीत तो संघ उतरत असे. त्यांनी स्वतःवर हसावे, बाहेरच्याने तोंड मिटून त्यांचा बँड ऐकावा. तो नामांकित आहे.

श्रीमंतांची फजिती मात्र खुशाल सगळ्यांनी वाटून घ्यावी. २००७ च्या १ सप्टेंबरला देशात पाचव्या क्रमांकावर असलेल्या मिशिगनने मोसमाची सोपी सुरुवात म्हणून खालच्या श्रेणीतल्या ॲपलेचियन स्टेटला घरी बोलावले. बोलावल्याबद्दल चार लाख डॉलर मोजले. पाहुणे ३४-३२ ने जिंकून गेले, पैसेही घेऊन गेले. दक्षिणा देऊन मार खाण्याचा हा प्रकार ओहायोत इतका आवडला, की तिकडून ॲपलेचियनच्या टी-शर्टांना मागणी आली. तरी ओहायोकरांनी फार हसू नये. २०२१ पासून २०२४ पर्यंत सलग चार वर्षे ते मिशिगनकडून हरले. चौथ्यांदा तर घरच्या मैदानावर, १३-१० असे, आणि तेही क्रमवारीतून बाहेर पडलेल्या मिशिगनकडून. प्रशिक्षकाला हाकला म्हणून ओरडणाऱ्यांचे घसे बसतात न बसतात तोच त्याच संघाने जानेवारीत राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. अशा वेळी शिव्या परत घेण्याची काही सोय असावी.

पराभवावरचा सर्वांत मोठा उतारा जॉन मॅके या प्रशिक्षकाच्या नावावर सांगतात. १९६६ साली त्यांच्या सदर्न कॅलिफोर्निया संघाने नोटर डेमकडून ५१-० असा मार खाल्ला. खचलेल्या पोरांना त्यांनी समजावले, की असा काही सामना झाला हे कोट्यवधी चिनी माणसांच्या गावीही नाही. त्यात मराठी माणसे धरायलाही त्यांची हरकत नसावी.

या सगळ्या थट्टेत एक पथ्य होते: माणूस हसतो तो स्वतःवर. २०१५ मध्ये मिशिगनच्या हातातला सामना शेवटच्या दहा सेकंदांत निसटला. पायाने चेंडू लांब मारायचा, एवढे एकच काम असलेल्या खेळाडूच्या हातून तो सुटला आणि मिशिगन स्टेटने २७-२३ ने बाजी मारली. प्रेक्षकांतला एक तरुण डोक्याला दोन्ही हात लावून, डोळे फाडून बघत होता. त्याचे ते छायाचित्र जगभर फिरले आणि त्यात हरलेल्या प्रत्येकाला आपलेच तोंड दिसले. पण त्याच रात्री चेंडू सुटलेल्या त्या मुलाला समाजमाध्यमांवर गलिच्छ शिव्या आणि धमक्या आल्या. विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना खुले पत्र लिहून आपल्याच चाहत्यांचे कान उपटावे लागले.

तेव्हा मोबाइलवरचा सट्टा अजून यायचा होता. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील सट्ट्याला बहुतेक राज्यांत अडवून धरणारा १९९२ चा कायदा रद्द केला आणि एकेका राज्याने दारे उघडली. ओहायोत ती २०२३ च्या जानेवारीत उघडली. आता सामना कोण जिंकणार यावरच पैज लागते असे नाही. अमुक मुलगा किती यार्ड पळेल, तमुकाच्या हातून किती झेल होतील, यावरही लागते. ज्याचे शंभर डॉलर अशा एका सुटलेल्या झेलात बुडाले त्याला कॉलेज नसते, पेठ नसते, ‘आम्ही’ नसते. त्याला फक्त ‘तो’ दिसतो, एकोणीस वर्षांचा, आणि त्याचे खाते एका बोटावर सापडते. शिवीगाळ आधीही होती हे खरे. आता तिच्यामागे हिशेब आला आहे. राष्ट्रीय कॉलेज क्रीडा संघटनेच्या विनंतीवरून ओहायोच्या नियामकांनी २०२४ च्या सुरुवातीला कॉलेजच्या एकेका खेळाडूवरच्या अशा पैजा बंद केल्या, हे उत्तम झाले. सर्व राज्यांनी तेच करावे. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा ती अति कडक असल्याची ओरड झाली. ती कडक आहेच. पण खेळ बघताना हसायचे असेल तर खिसा मैदानाबाहेर ठेवावा लागतो.

पैज लावायचीच तर जुनी पद्धत आहे. मोठ्या सामन्याआधी दोन राज्यांचे गव्हर्नर किंवा दोन शहरांचे महापौर आपापल्या गावच्या खाद्यपदार्थांवर पैज घेतात. हरणाऱ्याने टोपली पाठवायची आणि वर शत्रूच्या रंगाचा सदरा घालून फोटो काढून घ्यायचा. कोलंबस आणि ॲन आर्बर यांत मोटारीने साधारण तीन तासांचे अंतर आहे आणि दोन्हीकडे मराठी घरे आहेत. या शनिवारी हरणाऱ्या घराने रविवारी पुरणपोळ्या कराव्यात आणि स्वतः नेऊन पोचवाव्यात. तूप जिंकणाऱ्यांनी घालावे.